मुक्कामी गाडीस

प्रिय मुक्कामी गाडी,



अर्ज-निवेदनं आजवर पुष्कळ गेली. आगार व्यवस्थापकांना गेली, विभाग नियंत्रकांना गेली, आमदारांना गेली. तुला मात्र कुणी काही लिहिलं नाही, म्हणून हे पत्र. कोल्हापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या उतारावर आमचं गाव. रात्री सव्वाआठला तू येतेस, देवळापुढच्या पटांगणात वळून तोंड रस्त्याकडं करून उभी राहतेस आणि पहाटे पाच पन्नासला निघतेस. तालुक्याचं गाव ३२ किलोमीटरवर. मधल्या वाड्यांचे थांबे घेत तुला सव्वा तास लागतो. दुपारी एक फेरी येते नि जाते, बाकी दिवसभर आमच्या रस्त्यावर एसटी नाही. एवढ्याशा तुझ्या येण्याजाण्यावर किती जणांची नोकरी उभी आहे, हे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ते फारसं कुठं लिहिलं जात नाही.

आधी तुझी माणसं. पहाटे चारला गावात दिवे लागतात ते तुझ्यासाठी. भाकरी, डबे, शेण-घाण, धारा. सव्वापाचला दूध संस्थेचं दार उघडतं. किटली मापाला लावायची, फॅट बघायची, पावती घ्यायची, रिकामी किटली पोराच्या हाती घरी धाडायची आणि तिथूनच तुझ्याकडं पळायचं. पाच चाळीसला ड्रायव्हर इंजिन चालू करतात, पहिला हॉर्न होतो. दुसऱ्या हॉर्नला गाडी हलते, हे सगळ्यांना ठाऊक. तरी रोज कुणीतरी मागं राहतं, आणि कंडक्टर दारात उभे राहून सांगतात, "जरा दम धरा, आक्का यायल्यात." ही दोन मिनिटं वेळापत्रकात नसतात. पण त्या दोन मिनिटांत एका बाईचा दिवसाचा पगार वाचतो, आणि तुझे कंडक्टर ते जाणतात, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

तुझ्यात चढतं कोण? खासगी दवाखान्यातल्या आया. कापड दुकानात आणि औषधांच्या दुकानात उभ्यानं काम करणाऱ्या मुली. काजूच्या कारखान्यात गर सोलणाऱ्या बायका. कचेरीपुढच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारा मुलगा. गवंडी, त्यांचे बिगारी, एक-दोन सुतार. पतसंस्थेतली मी. कॉलेजची पोरं तर आहेतच. आणि माणसांशिवायही तू पुष्कळ काही नेतेस. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या मुलांचे डबे तुझ्या बॉनेटवर रांगेनं ठेवलेले असतात. येताना औषधं येतात, ठिबकचा एखादा तुटलेला भाग येतो, कुणाच्या चष्म्याची नवी काच येते. कंडक्टरांच्या खिशात अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो.

आता वेळेचा हिशेब. आमच्या आळीतल्या एका वहिनींचा सांगते, कारण तो मी त्यांच्याशेजारी बसून पुन्हा पुन्हा मांडला आहे. त्या एका खासगी दवाखान्यात आया आहेत. ड्युटी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पहाटे पाच पन्नासला त्या तुझ्यात बसतात, सात वाजून पाच मिनिटांनी स्टँडवर उतरतात. ड्युटीला अजून दोन तास. संध्याकाळी पाचला सुटतात, तू स्टँडवरून सुटतेस सातला. घरी पोचायला सव्वाआठ. म्हणजे घराबाहेर चौदा तास पंचवीस मिनिटं. त्यातलं काम आठ तास, तुझ्यात बसून प्रवास अडीच तास, आणि उरलेले चार तासांच्या आसपास निव्वळ वाट पाहण्यात. शहरातला माणूस प्रवासाच्या वेळेबद्दल बोलतो तेव्हा गर्दी, सिग्नल, वाहतुकीची कोंडी यांबद्दल बोलतो. आमच्याकडं कोंडी नाही. आमचा वेळ जातो तो स्टँडच्या बाकावर.

त्या बाकावर काय चालतं ते तू रोज पाहतेस. कुणी मेथी निवडते, कुणी शेंगा सोलते, कुणी बचत गटाच्या वहीतले आकडे जुळवते. आठवड्याच्या बाजारादिवशी तिथंच वाटे होतात. एक मुलगी गेले कित्येक महिने त्या दोन तासांत तलाठी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. बायका त्या वेळाचा उपयोग करून घेतात, म्हणून तो वाया जात नाही असं कुणी समजू नये. वहिनींना त्या चार तासांत घरी असायचं असतं. धाकट्याला शाळेला जाताना बघायचं असतं. स्टँडवरचं शौचालय शक्य तितकं टाळायचं म्हणून त्या दुपारपर्यंत पाणी कमी पितात, आणि हे त्यांनी मला अगदी सहज, रोजची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

या चार तासांची नोंद कुठं होते, ते मी शोधत गेले. २०११ च्या जनगणनेत कामाच्या जागेपर्यंतचं अंतर आणि तिथं जाण्याचं साधन विचारलं होतं. पायी, सायकल, मोटारसायकल, टेंपो-रिक्षा, बस, रेल्वे असे रकाने होते. अंतराचे टप्पे होते. आमच्या वहिनी त्या तक्त्यात '३१ ते ५० किलोमीटर, बस' या घरात बसतात आणि तिथं त्यांची गोष्ट संपते. वेळ किती लागतो, हे त्या तक्त्यात नाही. शिवाय हा तक्ता झाला तो फक्त 'इतर कामगारां'चा. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यातून वगळलेले. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या शेतमजुरांचा आकडा १ कोटी ३५ लाखांच्या घरात होता. एवढी माणसं कामावर कशी जातात, हे त्या तक्त्याला ठाऊकच नाही. मजूर म्हणजे गावातल्या गावात, बांधावरून चालत जाणारा, असं त्यामागं गृहीत धरलेलं दिसतं.

ते गृहीत आमच्या भागात केव्हाच मोडलं. वरच्या वाड्यांतल्या बायका भांगलणीला आणि लावणीला नदीकाठच्या बागायती गावांत जातात, पंधरा-वीस किलोमीटरवर. तू त्यांच्या उपयोगाची नाहीस, कारण तू तालुक्याला जातेस आणि त्यांना शिवारात जायचं असतं. त्यांना न्यायला पिकअप येतो. टोळीतल्या सगळ्या जणी मागच्या हौद्यात उभ्यानं, एकमेकींच्या खांद्याला धरून. खुरपी आणि डबे पायाशी. माल नेण्याच्या गाडीत माणसं भरायची नाहीत असा कायदा आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. पण हजेरी आठ वाजता लागते, आणि आठच्या आत त्या शिवारात नेऊन सोडेल असं दुसरं काही त्या रस्त्याला नाही. वळणावर असा पिकअप उलटल्याची बातमी दर हंगामात कुठून ना कुठून वाचायला मिळते. मेलेल्यांत बायकाच जास्त असतात. चार दिवस तपासण्या होतात, मग पुन्हा हौदे भरतात.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली, हे मात्र चांगलं झालं. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा पूर्ण दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून विचारला जातो. कामासाठीचा प्रवास त्यात स्वतंत्र नोंदला जातो. पहाटे ४ ला दिवस सुरू करणाऱ्या त्या पाहणीत आमच्या बायकांचा दिवस तरी पुरता मावतो. पण ती नमुना पाहणी आहे. तिच्यातून देशाचं चित्र मिळतं. अमुक रस्त्यावर सकाळी साडेसातला गाडी हवी, हे तिच्यातून कोणत्याही आगाराला कळणार नाही. त्यासाठी गावागणिक वेळ विचारावी लागेल. येणाऱ्या जनगणनेत अंतराच्या प्रश्नाला वेळेची जोड मिळावी, आणि शेतमजुरांनाही तो प्रश्न विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्याबद्दल एक गोष्ट लोक विसरतात, ती इथं लिहून ठेवते. रात्रभर गावात उभी राहणारी गाडी म्हणजे तोट्याचा सौदा, असं बाहेरून दिसतं. खरं तर तुझ्यामागं साधा व्यवहार आहे. सकाळी माणसं गावाकडून तालुक्याकडं जातात. पहाटेची गाडी गावातूनच सुटायची असेल तर एकतर ती रात्री तिथं असली पाहिजे, नाहीतर साडेचारला आगारातून रिकामी निघून वर आली पाहिजे. मुक्काम म्हणजे ती रिकामी फेरी वाचवणं. म्हणूनच जिथं मुक्काम बंद होतो तिथं पहिली गाडी आठ-साडेआठला येते आणि नऊ-साडेनऊला तालुक्याला पोचते. कागदावर फेऱ्यांची संख्या तेवढीच राहते. पण नऊच्या ड्युटीची बाई घरी बसते.

१ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून 'गाव तिथं एसटी' हे वचन या राज्यानं बऱ्याच अंशी पाळलं. आमच्यासारख्या गावांत पक्की शाळा, दवाखाना, बँक यांच्या आधी तू आलीस. मग मार्च २०२० ची टाळेबंदी आली. त्यातून सावरतो न सावरतो तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. जवळपास सहा महिने. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं. तुटपुंज्या पगारावर, उशिरा होणाऱ्या पगारावर ती माणसं रात्री-अपरात्री आम्हाला नेत-आणत होती, आणि संपाच्या काळात कितीकांनी जीव दिले. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पण त्या दोन-सव्वादोन वर्षांत गावांच्या सवयी बदलल्या, आणि त्या पूर्ववत झाल्या नाहीत.

ज्यांना जमलं त्या पुरुषांनी कर्ज काढून मोटारसायकली घेतल्या. तेही काही सुखाचं नाही. रोज ६४ किलोमीटर म्हणजे सव्वा-दीड लिटर पेट्रोल, आणि पेट्रोल शंभरीपलीकडं. महिन्याला तीन-साडेतीन हजार रुपये त्यातच जातात, वर हप्ता. दुकानातल्या पोराचा पगार दहा-बारा हजार. तरी तो मोटारसायकल सोडत नाही, कारण त्याचे ते चार तास वाचतात. मी त्याला कधीच नावं ठेवणार नाही. मात्र तो तुझ्यातून उतरला की तुझं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, घसरतं. भारमान घसरलं की फेरीवर लाल रेघ येते. फेरी गेली की आणखी चार जण मोटारसायकल घेतात. आणि या सगळ्याच्या शेवटी स्टँडवर राहतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि कॉलेजच्या मुली, ज्यांना गाडी चालवता येत नाही, घेता येत नाही किंवा घरातून मिळत नाही. राज्यभरात एसटीच्या गाड्या १८ हजारांवर होत्या, त्या काही वर्षांत १५ हजारांच्या आसपास आल्या. कमी झालेल्या गाड्यांची झळ पहिल्यांदा पोचते ती रस्त्याच्या टोकाला. मुंबई-पुण्याची फेरी कुणी बंद करत नाही.

वरच्या एका वाडीचा मुक्काम असाच गेला. तिथल्या दोन मुली माझ्याबरोबर यायच्या, एक कापड दुकानात आणि एक कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायला. काही दिवस त्यांचे वडील त्यांना मोटारसायकलवरून खाली आमच्या गावापर्यंत सोडायचे. मग पावसाळा आला. एकीचं पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. दुसरी आता घरीच असते. तिनं काम सोडलं असं लोक म्हणतात. मी म्हणते, तिचं काम वाहतुकीनं काढून घेतलं, आणि हे कुठल्याही बेरोजगारीच्या आकड्यात धड दिसणार नाही, कारण ती आता काम शोधतही नाही.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. हे झालं त्या दिवसाची तुझ्यातली गडबड मला आठवते. बायका एकमेकींना तिकिटं दाखवत होत्या. ज्यांचा नवरा भाड्याला पैसे द्यायला कुरकुर करायचा त्यांचं बाहेर पडणं सोपं झालं. माहेरी जाणं वाढलं, दवाखान्यात जाणं वाढलं, आणि अपडाऊन करून नोकरी करणं परवडायला लागलं. ही सवलत फार मोलाची आहे, ती टिकलीच पाहिजे. पण वरच्या वाडीतल्या त्या मुलीला तिचा काय उपयोग? गाडीच येत नाही तिथं अर्धं तिकीट नि पूर्ण तिकीट सारखंच. आणि सवलतीचे पैसे सरकारकडून महामंडळाला वेळेवर मिळाले नाहीत, तर त्या तुटीची कात्री पुन्हा आमच्याच फेऱ्यांवर चालते. तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. सरकार एका हातानं सवलत देतं आणि दुसऱ्या हातानं हा कर घेतं. गावच्या फेऱ्यांपुरता तरी तो सोडायला हवा.

तू नसतेस तेव्हा वडाप असतं, म्हणजे भाड्याची खासगी जीप. वडापवाल्यांना शिव्या देणारे पुष्कळ आहेत. स्टँडपासून २०० मीटरच्या आत त्यांनी उभं राहायचं नाही असा नियम आहे आणि तो रोज मोडला जातो. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा-सोळा माणसं बसतात, मागच्या पायरीवर पोरं लोंबकळतात. पण रात्री एखाद्या बाळंतिणीला न्यायला तीच जीप येते. तिचा दोष एकच, भरल्याशिवाय ती हलत नाही. घड्याळावर चालणाऱ्या नोकरीला ती भरवशाची नाही. दहा मिनिटांत भरते कधी, कधी पाऊण तास लागतो. तुझं मोल तिथं आहे. तू अर्धी रिकामी असलीस तरी पाच पन्नासला निघतेस.

मोटारसायकलवाल्यांबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली. कारखान्यांच्या पाळ्या आणि एसटीची वेळ यांची गाठ क्वचितच पडते. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल इथल्या फाउंड्रींत आमच्या तालुक्यातली कितीतरी पोरं आहेत. सकाळची पहिली पाळी तुझ्या वेळेत गाठता येत नाही. दुसरी पाळी मध्यरात्री सुटते, तेव्हा तू पटांगणात झोपलेली असतेस. मग ती पोरं कॉट बेसिसवर चौघा-पाचांत खोली घेऊन राहतात, नाहीतर मध्यरात्री दोन तास गाडी चालवत घरी येतात, बारा तासांच्या थकव्यावर. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराची गोष्ट अशीच आहे. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. एप्रिल २००३ मध्ये तो मोटारसायकलवरून कामावर निघाला. कारखाना पाचेक किलोमीटर उरला असताना अपघात झाला आणि तो गेला. घरच्यांना भरपाई मंजूर झाली. पुढं उच्च न्यायालयात ती रद्द झाली, कारण अपघात कामाच्या जागी झाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा दिली. घरून कामावर जाण्याचा रस्ता, वेळ आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर तो अपघात नोकरीच्या ओघातलाच मानायचा, असा त्याचा अर्थ आहे.

बावीस वर्षं लागली. मला त्या निकालातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. अंधारात मोटारसायकलवर निघालेला तो माणूस आपल्या खासगी हौसेनं निघाला नव्हता. तीनची पाळी त्यानं ठरवली नव्हती. ज्यानं पाळी ठरवली त्यानं त्या वेळी माणूस येणार कसा, याचाही विचार करायला हवा. आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतींतल्या काही कारखान्यांच्या स्वतःच्या बसगाड्या आहेत, त्या मोठ्या रस्त्यानं जातात. आमचा फाटा तिथून वीस किलोमीटर आत. कारखानदारांनी आणि एसटीनं एकत्र बसून पाळीच्या वेळेची एखादी फेरी ठरवली, तिचं काही भाडं कारखान्यांनी उचललं, तर मध्यरात्रीच्या त्या घाटवळणांवर पोरं मरायची थांबतील.

उलट दिशेचा प्रवासही आहे, तो थोडक्यात सांगते. गुरुजी, ग्रामसेवक, बँकेतले साहेब, आरोग्य केंद्रातली मंडळी शहराकडून आमच्याकडं येतात. मुख्यालयी राहायचा नियम आहे, पण मुलांची शाळा कोल्हापुरात, बायकोची नोकरी कोल्हापुरात. चौघं मिळून एक मोटार करतात, पेट्रोल वाटून घेतात. त्यांच्यावर मी राग धरत नाही. एवढंच वाटतं की त्यांची मोटार आमच्या रस्त्यानं धावू लागली तेव्हापासून तुझ्यासाठी भांडणारी, शब्दाला वजन असणारी माणसं तुझ्यात बसेनाशी झाली.

आणि पावसाळा. जुलैत मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याचा मार्ग बंद होतो, हे पेपरात येतं. आमच्या फाट्यावरचा ओढा पेपरात येत नाही. त्या दिवसांत तू अलीकडच्या गावातून परत फिरतेस आणि माणसं गुडघाभर पाण्यातून पुढं चालत येतात. दवाखान्यात खाडा धरला जातो. खाड्याचे पैसे कापले जातात. पूर ही सबब मालकाला पटते, ती पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवशी दुसरी बाई ठेवली जाते.

मागणं फार नाही. वहिनींसारख्यांना पहाटेची एकच गाडी आहे, तिच्याबरोबर सकाळी साडेसातची एक मिळाली आणि संध्याकाळी साडेपाचला एक सुटली, तर प्रत्येकीचे रोजचे तीन-साडेतीन तास वाचतील. त्यासाठी मोठी गाडी नको. घाटातल्या रस्त्याला लहान गाडी जास्त सोयीची. फेरी बंद करायची की ठेवायची हे ठरवताना भारमानाबरोबर आणखी एक गोष्ट कागदावर यावी: ही गाडी बंद झाली तर त्या गावातून कामावर जायचं दुसरं साधन उरतं का. ज्या गावात उरत नाही तिथं तीस टक्के भारमानही पुष्कळ मानलं पाहिजे. शाळेतल्या मुलांच्या पटावर आपण डोंगरातली शाळा तोलत नाही, निदान तोलू नये. तुलाही तोलू नये.

आणि तुझ्याबरोबर येणाऱ्या त्या दोघांचं. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीतच सीटवर आडवे होतात, थंडीत काचा लोटून, पावसात गळक्या टपाखाली. मुक्कामाचा भत्ता इतका थोडा की त्यात जेवण धड होत नाही. गावातूनच भाकरी जाते. पहाटे अंघोळीला पाणी कुणीतरी देतं. ज्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी पन्नास जीव असतात त्याची रात्रीची झोप ही आमचीच गरज आहे. महिला कंडक्टर आल्या, त्यांना तर देवळाच्या ओट्यावर मुक्काम करा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मुक्काम नको असं कर्मचारी म्हणतात तेव्हा त्यामागं आळस नसतो. नीट जागा, संडास, पाणी आणि दार लावता येईल अशी खोली, एवढंच त्यांना हवं असतं. हे काम महामंडळाकडून होईल याची वाट पाहत बसायचं आम्हाला कारण नाही. आमच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत. तिथं वीज आहे, कौलं बदलायला लागतील, संडास बांधायला लागेल. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, आणि बचत गटांच्या बायकांनी आपल्याकडून हात लावायचं कबूल केलं आहे. किल्ली दूध संस्थेच्या सचिवांकडं ठेवायची असं आमच्यात ठरतं आहे, कारण संस्थेचं दार पहाटे तुझ्या निघण्याआधीच उघडतं.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
तालुक्याला अपडाऊन करणारी एक पतसंस्थेतली बाई